हिलाल मार्करचे एकशे एक

...आणि वर मलाच विचारतात, "मग भाऊ, एकावन्न तरी लिहू ना?" आत्ता गेले ते चौघं, पावतीपुस्तकवाले, पाहिलेत ना, जिन्यात तुमच्या अंगावरूनच गेले असतील. हे गणपतीचे. मागच्या आठवड्यात भजनी मंडळ, त्याच्या आधी व्यायामशाळा, त्याच्या आधी कुणाच्या तरी सप्त्याचं जेवण. आणि सगळ्यांचं गाणं एकच, की तुमचे दोस्त हिलाल मार्कर म्हणजे एकशे एक देणारा माणूस, आम्ही आधी त्यांच्याकडेच गेलो होतो, त्यांनी तुमचं घर दाखवलं. एकशे एक देणारा माणूस! तुम्हाला सांगतो, हिलालनं जन्मात कुणाला एकशे एक पैसे दिलेले नाहीत, देणार कुठून, साहेब लोकांच्या काठ्या पुसणारा माणूस तो... पण दगडावर कोरलंय ना! दगडावर कोरलं की संपलं, मग तुम्ही कितीही घसा फोडा. बसा, बसा. सुनंदा, दोन कप टाक गं. बसा हो, सांगतो, कारण ह्या सगळ्याच्या मुळाशी काय आहे, माहितीये? एक सपाट जागा. एक सपाट जागा मागितली होती हो मी, दुसरं काय मागितलं होतं?

आता मी कोण, तर चुडामण भंगाळे, भुसावळला मालधक्क्यावर क्लार्क. दिवसभर वाघिणींचे, म्हणजे मालगाडीच्या डब्यांचे, नंबर लिहायचे, आलेल्या, गेलेल्या, चुकून तिसरीकडेच गेलेल्या. आणि आमच्या रेल्वे कॉलनीत साहेब लोकांचा एक क्लब, तिथं बिलियर्डचं टेबल. तुम्ही पाहिलंय कधी? नाही ना? मीही पाहिलं नव्हतं. एकदा साहेबाची सही आणायला दुपारचा गेलो, क्लबात चिटपाखरू नाही, पडदे ओढलेले, आणि त्या अंधुक उजेडात ते एवढं मोठं हिरवंगार टेबल... हरभरा फुलावर यायच्या आधी जसा दिसतो ना, तसं हिरवं. कडेला चेंडू पडायला जाळीचे खिसे, वर तीन चेंडू, एक लाल, दोन पांढरे. आणि एक काळा, वाळका, पन्नाशीचा माणूस काठी घेऊन वाकलेला. टक्... एवढाच आवाज. पांढरा चेंडू गेला, दुसऱ्याला शिवला, कडेला लागला, वळला, आणि सावकाश, अगदी सावकाश, घाई नाही, गडबड नाही, लालला जाऊन भेटला. मी सही विसरलो. साहेब विसरलो. तिथंच उभा राहिलो, आणि तुम्हाला खरं सांगतो, अजूनही मी थोडासा तिथंच उभा आहे.

तो हिलाल. क्लबाचा मार्कर. म्हणजे साहेब खेळणार, ह्यानं गुण मोजायचे, खडू द्यायचा, काठ्या पुसायच्या, टेबलाला इस्त्री करायची. हो, इस्त्री, त्या कापडाला इस्त्री करावी लागते. आणि साहेबांना खेळायला शिकवायचंही ह्यानंच! भिंतीवर एक फळा होता, कुठल्या साहेबानं एका दमात किती गुण केले त्याचा. अमुक साहेब बेचाळीस, तमुक साहेब एकोणचाळीस, आणि सगळ्यात वर एक गोरा, जाऊन वीस वर्षं झालेला, एकसष्ट. ती नावं रंगवायची कुणी? हिलालनं. ब्रश घेऊन, स्टुलावर चढून. आणि हा माणूस रिकाम्या क्लबात दुपारी शंभर करायचा हो, शंभर! मी मोजलेत. मी म्हटलं, हिलालभाऊ, तुमचं नाव का नाही फळ्यावर? तर म्हणे, मार्करला पगार मिळतो, म्हणून तो प्रोफेशनल, आणि प्रोफेशनल माणसाचं नाव फळ्यावर लागत नाही. मग एवढंच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या भाऊ. टेबलले ठाऊक शे." टेबलाला माहिती आहे म्हणे! आणि डोळे चोळायला लागला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, उजव्याचीही सुरुवात होती. डॉक्टरनं सांगितलं होतं, वर्ष, फार तर दीड.

बस, तिथून माझ्या डोक्यात ते शिरलं. त्यातच एका साहेबाच्या टेबलावर विलायती मासिक पडलेलं, त्यात फोटो, की तिकडे प्रोफेशनल लोक चक्क दौरा काढतात! गावोगाव जातात, खेळून दाखवतात, भिंतीवर कागद लागतात, त्यावर त्यांचं नाव, लोक तिकीट काढून बघायला येतात. मी त्या दिवशी वाघिणींचे नंबर लिहिले की नाही मला आठवत नाही. मी खिडकीतून बघत होतो आणि मला काय दिसत होतं सांगू? अख्खं खान्देश म्हणजे एक टेबल. वरच्या बाजूला सातपुड्याची कड, खालच्या बाजूला अजिंठ्याच्या डोंगराची कड, मधे सगळं सपाट, हिरवं, आणि कडेकडेला खिसे, हे भुसावळ, हे जळगाव, हे पारोळा, हे धुळं, हे शिरपूर... आणि भुसावळहून एक पांढरा चेंडू निघालाय, टक्, आणि चाललाय आपला, ढगाची सावली शेतावरून सरकते तसा, आवाज नाही काही नाही, जळगाव गेलं, एरंडोल गेलं... "भंगाळे, ती सिमेंटची वाघीण कुठाय?" आता काय सांगू साहेबाला? पारोळ्याच्या खिशात गेली म्हणून?

मी हिलालला सांगितलं, आपण दौरा काढायचा. चार गावं. भिंतीवर कागद, त्यावर तुमचं नाव, मोठ्या अक्षरात, आणि लोकांसमोर शंभर. त्यानं हातातली काठी पुसून जागेवर लावली. मग म्हणाला, नाव खरंच छापतील का? मी म्हटलं, माझी जबाबदारी. हे मी बोललो, ह्याच तोंडानं. लक्षात ठेवा.

टेबल कसं मिळालं म्हणाल, तर नशीब. क्लबात नवीन टेबल येणार होतं, जुनं मोडीत काढलं, आणि ज्यानं उचलून न्यायचं त्यानं जवळजवळ फुकटच न्यायचं, कारण उचलणार कोण? त्या हिरव्या कापडाखाली काय असतं ठाऊक आहे का? दगड! पाटीचा काळा दगड, पाच लाद्या, एकेक उचलायला सहा सहा हमाल. मी घेतलं. सुनंदा म्हणाली, लोक बायकोसाठी खडा घेतात, तुम्ही लाद्या घेतल्या. तिचंही बरोबर होतं. पण आता ते वाहून नेणार कसं, जागा कोण देणार, हमाल, ट्रक, हिलालची आठ दिवसांची बिनपगारी रजा... मालक पाहिजे कुणीतरी. म्हणून गेलो जळगावला, शेठ रिखबचंदांकडे. जिनिंगवाले. कपाशीच्या हंगामात त्यांच्या फाटकापासून बैलगाड्यांची रांग लागते ती पार नाक्यापर्यंत. माझे वडील हयातभर त्यांनाच कापूस घालत आले, म्हणून ओळख.

शेठ गादीवर. मी सगळं सांगितलं, टेबल कसं आहे, लाद्या कशा आहेत, किती गुळगुळीत, बोट फिरवलं तर लोणी, एक टवका नाही, शंभर वर्षं टिकतील. वाहवत गेलो हो मी! शेठनी डोळे मिटून ऐकून घेतलं. मग खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला, आणि रुमालाखालून माझी बोटं धरली.

आता आमच्याकडे कापसाचा सौदा असाच व्हायचा, तोंडानं भाव बोलायचाच नाही. वरून रुमाल, खालून बोटं. हे बोट म्हणजे एवढं, ते दाबलं म्हणजे तेवढं, बाजूला उभ्या माणसाला पत्ता लागायचा नाही. वडील त्यातले वस्ताद. पण मी पडलो रेल्वेचा माणूस, आमच्याकडे सगळं तीन प्रतींत! शेठ वरून म्हणताहेत, यंदा थंडी बरी आहे, आणि खालून माझी दोन बोटं धरून ठेवलीत, मग सबंध पंजा दाबला. मला वाटलं, मदतीचा आकडा सांगताहेत. आकडा काही समजला नाही, पण माणूस मोठा, मन मोठं. मी काय केलं, दुसरा हात रुमालावरून त्यांच्या हातावर ठेवला आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबला. आभार मानतो ना आपण वडीलधाऱ्यांचे, तसा. शेठ हसले. मुनीमजींनी अडीचशे रुपये आणून दिले, आणि शेठ म्हणाले, आधी दौरा करून घ्या, मग बघू. मी तर रस्ताभर तरंगत आलो. स्टेशनवर चहावाल्यानं पैसे मागितले तर मी त्याचाही हात दोन्ही हातांत घेतला.

मग धुळ्याचे मदनलालजी. तेलाची मिल. ते रिखबचंदांचे व्याही, म्हणजे ह्यांनी एक केलं की त्यांना सव्वा करणं भाग. ट्रक त्यांनी दिला. झालं ना सगळं जमून? पैसे आले, ट्रक आला, हमाल आले. राहिलं काय? भिंतीवरचा कागद. तो जळगावलाच छापला, शेठच्या ओळखीच्या छापखान्यात, आणि कागद हातात आला तेव्हा मी आणि हिलाल स्टेशनबाहेर उभे होतो. पिवळा कागद, लाल अक्षरं. सगळ्यात वर, शेठ रिखबचंदजी यांच्या उदार आश्रयाने. त्याखाली, शेठ मदनलालजी यांच्या सहकार्याने. त्याखाली, खेळात भाग घेणार चिरंजीव निर्मलकुमार, म्हणजे शेठचा मुलगा, मुंबईच्या क्लबात दोन महिने खेळून आलेला. त्याखाली, व्यवस्थापक चुडामण भंगाळे. आणि त्याखाली बोटभर जागेत बारीक अक्षरात... व इतर.

हिलालला लहान अक्षर वाचता येत नव्हतं. त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला, आणि मला विचारलं, "भाऊ, मना नाव कोठे शे?"

काय सांगणार हो? मी सांगितलं, पुढच्या गावाच्या कागदावर आहे. खोटं बोललो. छापखानेवाल्याशी भांडलो, तो म्हणाला, भाऊ, नावं देणाऱ्यांची आधी, करणाऱ्यांची जागा उरली तर. त्यात स्वतःचं नाव छापलेलं बघून मला आतून एक क्षण बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो, आता काय लपवायचं. त्याची लाज मला अजून आहे.

तर जळगाव. जिनिंगच्या गोदामात टेबल मांडलं. हिलालनं गवंड्याची पाणसळ आणली होती, ती काचेची नळी असते ना, आत बुडबुडा, बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट. बुडबुडा काही मधे येईना! पायाखाली पत्रे घातले, पुठ्ठे घातले, शेवटी वाघिणींच्या जुन्या पावत्या घातल्या. हिलाल म्हणाला, फरशीलाच उतार आहे. मुनीमजी म्हणाले, असणारच, गोदाम धुतलं की पाणी निघून जायला नको? एक सपाट जागा मागत होतो मी, अख्ख्या जळगावात! बरं, केलं कसंबसं. हिलाल खडू लावून उभा. तेवढ्यात घरातून शेठाणी आल्या, प्रेमकुंवरबाई, हातात पूजेचं ताट. नवीन वस्तू, नवीन काम, पूजा नको? मी काही बोलायच्या आत त्यांनी त्या इस्त्री केलेल्या हिरव्या कापडावर, मधोमध, कुंकवानं साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला! वर अक्षता. हिलाल डोळे मिटून उभा राहिला. नारळ फोडायला त्या दगड शोधत होत्या, आणि कुणीतरी सांगितलं, दगड कापडाखालीच आहे. तो नारळ मी माझ्या छातीशी धरून गोदामाबाहेर पळत नेला, म्हणून लाद्या वाचल्या.

आणि खेळ? अहो, पांढरा चेंडू साथियावरून एकदा गेला, गुलाबी झाला. दोनदा गेला, लाल झाला. तासाभरात टेबलावर तीन लाल चेंडू! कुणाचा कुठला, कशाचा पत्ता नाही. निर्मलकुमार हिलालचाच चेंडू मारत होते, आणि लोक टाळ्या वाजवत होते, कारण शेठचा मुलगा. हिलाल प्रत्येक चेंडू आपल्या सदऱ्याला पुसून ठेवायचा. संध्याकाळपर्यंत सदरा रंगपंचमीचा. शंभर कुठले, अकराच्या पुढे गेला नाही.

मी त्याला म्हटलं, पारोळ्याला बघा. पारोळा तर त्याचंच, गाव तिथून चार मैलांवर. बाजाराच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली टेबल. जमीन अशी की एका टोकाला चेंडू ठेवला तर तो स्वतःच उठून, कुणी न मारता, चालत चालत जाऊन खिशात पडायचा! आणि लोक खूश! पैसे वसूल! एक म्हातारा तर मला म्हणाला, त्या काठीवाल्याला बाजूला करा, त्याच्याशिवाय चांगलं चाललंय. हिलालची थोरली बहीण आली होती, कमलबाई अक्का, भाकरी बांधून. तिनं बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघितलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "इतला मोठा व्हयना, तरी गोट्या खेळी ऱ्हायना!" बाजार हसला. हिलालही हसला. पण रात्रभर त्यानं भाकरीचा तुकडा मोडला नाही, ते मी पाहिलं.

ट्रकमध्ये आम्ही दोघं मागं बसायचो, लाद्या रुईच्या गाठींवर ठेवलेल्या, वर आम्ही. पारोळ्याहून धुळ्याला जाताना पहाट होत होती, दोन्ही बाजूंना गहू, त्यावर दव, आणि ट्रक हलला की हिलालच्या खिशातले ते तीन चेंडू एकमेकांना लागायचे. टक्... टक्... मी म्हटलं, हिलालभाऊ, काय दिसतंय? म्हणाला, आता कडा धूसर झाल्यात, चेंडू मला दिसतो तो कापसाच्या बोंडासारखा, पण आवाजावरून समजतं कुठं गेला ते. मग म्हणाला, धुळ्याला होऊन जाऊ द्या, त्यानंतर आपल्याच्यानं होणार नाही. मला वाटत होतं तो ट्रक असाच चालत राहावा, धुळं येऊच नये, गहू संपूच नये.

आणि धुळ्यात, तुम्हाला सांगतो, सपाट जागा सापडली! कुठं? मदनलालजींच्या मिलमध्ये, काट्याच्या खोलीत! शेंगा तोलायचा काटा जिथं असतो तिथली फरशी. आता काट्याखालची फरशी उताराला ठेवून कुठल्या शेठला परवडेल? मी पाणसळ ठेवली, बुडबुडा हलला, डुलला, आणि मधोमध येऊन उभा राहिला. हिलालनं नळीवरून बोट फिरवलं. मग सदऱ्याची बटणं लावली, वरचंसुद्धा.

पण आधी मदनलालजींचं भाषण तासभर चाललं, समोर मुद्दाम जळगावहून आलेले रिखबचंद आणि निर्मलकुमार, आणि भाषणात तेलाचा भाव, विलायतेचा प्रवास, व्याह्यांचं कौतुक, आणि हिलालचं नाव नाही. खेळ सुरू व्हायला पाच वाजत आले. आणि मग... काय सांगू. मी जे त्या दुपारी रिकाम्या क्लबात पाहिलं होतं, ते दोनशे माणसांनी पाहिलं. टक्. पांढरा गेला, लालला भेटला, परत आला. टक्. पुन्हा. जणू त्या तीन चेंडूंचं आपसात आधीच ठरलेलं होतं आणि हा फक्त दारं उघडून देत होता. गुण मी मोजत होतो, मोठ्यानं. वीस झाले तेव्हा लोक बोलत होते. चाळीस झाले तेव्हा कुजबुजत होते. एकसष्टच्या पुढं गेला तेव्हा मला तो फळा दिसला, गोऱ्याचं नाव दिसलं, आणि माझा आवाज फुटला. ऐंशीला हमाल पोत्यांवर चढून बसले होते. खिडकीतून उन्हाची एक पट्टी टेबलावर आली होती, हिरव्यावर सोनेरी, आणि चेंडू त्यातून जायचे, उजळायचे, विझायचे. अठ्ठ्याण्णव! आणि लाल चेंडू डाव्या खिशाच्या अगदी तोंडाशी. फुंकर मारली तरी पडेल असा. लाल खिशात टाकला की तीन गुण. हिलाल वाकला.

आणि शेठ रिखबचंद उठून उभे राहिले.

सूर्य बुडत होता ना! शेठ जैन माणूस, सूर्य बुडाल्यावर पाण्याचा थेंब घेत नाहीत, जेवण त्याच्या आत झालं पाहिजे, आणि व्याह्यांच्या घरी पानं मांडलेली. आणि सत्कार केल्याशिवाय आश्रयदाता जाणार कसा? म्हणाले, फार सुंदर खेळ झाला, आता हार घालून घेऊ. मी म्हटलं, शेठजी, दोन मिनिटं, फक्त एक चेंडू... ते म्हणाले, चेंडू कुठं पळतोय, सूर्य पळतोय. आता ह्याला काय उत्तर आहे तुमच्याकडे? हार आले. आधी मदनलालजींनी रिखबचंदांना घातला, मग रिखबचंदांनी मदनलालजींना, मग दोघांनी निर्मलकुमारांना, मग मला. हिलालच्या वेळेला हार संपले होते, मी माझा काढून त्याच्या गळ्यात घातला. मग गुलाबपाणी. मग छायाचित्र. शेठ धावतच जेवायला गेले, आणि खोलीत एक पिवळा दिवा लागला, तुळईला टांगलेला, शेंगांच्या धुळीनं माखलेला.

लोक थांबले होते हो! दोनशेच्या दोनशे. मी म्हटलं, मारा हिलालभाऊ. तो वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग काठी हळूच टेबलावर ठेवली. "ऱ्हाऊ द्या भाऊ. तो लाल आते माले दिसत नही."

मी म्हटलं, मी दाखवतो, बोट ठेवतो, आवाज देतो. नाही म्हणाला. न दिसणाऱ्या चेंडूवर मारायचं म्हणजे टेबलाशी खोटं बोलायचं. लोक उठून गेले. मी त्या काट्याच्या खोलीत बसून रडलो, अगदी लहान मुलासारखा, आणि हिलाल माझी पाठ थोपटत होता.

सकाळी म्हटलं, अजून शिरपूर आहे! शिरपूरला दुपारी दोनला सुरू करू, भाषण नाही, सत्कार नाही. मिलमध्ये जाऊन बघतो तर रिखबचंदांचे हमाल कापड गुंडाळून लाद्या त्यांच्या गाडीत चढवताहेत. अहो, हे काय? मुनीमजी म्हणाले, माल चाललाय जळगावला. कुणाचा माल? शेठचा. मी धावत शेठकडे गेलो. ते शांत.

"चुडामणभाऊ, रुमालाखाली मी भाव दिला. तुम्ही वरून दुसरा हात ठेवलात. सौदा तुम्ही पक्का केलात, मी नाही."

मी आभार मानत होतो हो! आणि मी टेबल विकून आलो होतो! लाद्या गुळगुळीत आहेत, टवका नाही, शंभर वर्षं टिकतील... विकायला आलेला माणूस ह्याहून वेगळं काय बोलतो? अख्खा दौरा आम्ही शेठच्या लाद्या शेठच्याच पैशानं गावोगाव फिरवत होतो. माझे वडील हे ऐकून आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तीन पिढ्या कापूस पिकवणाऱ्या घरात रुमालाखाली बोट द्यायला न शिकलेला मुलगा निघाला म्हणून.

हिलालला मी सांगितलं तेव्हा त्यानं फक्त खिशात हात घातला. तीन चेंडू त्याच्याकडेच राहिले होते. लाद्यांचा सौदा झाला होता, चेंडूंचा नव्हता.

मग आखाजी आली, म्हणजे आपली अक्षय तृतीया. आखाजीला शेठनी जळगावला धर्मशाळेसमोर पाणपोई उघडली, मला बोलावणं, हिलालला घेऊन या म्हणून. हिलालच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हिरवी पट्टी बांधलेली, माझा हात धरून आला. तिथं बघतो तर आमच्या लाद्या! चार लाद्यांचा ओटा, त्यावर रांजण. आणि पाचवी भिंतीला उभी, तीवर नावं कोरलेली, देणगी देणाऱ्यांची, आपली पद्धतच आहे ती. शेठ रिखबचंद, शेठ मदनलाल, कोण कोण. आणि सगळ्यात खाली, पण तेवढ्याच अक्षरात: श्री. हिलाल मार्कर, भुसावळ. १०१.

मी शेठकडे बघितलं. ते माझ्याकडे बघेनात, रांजणाकडे बघत म्हणाले, त्या दिवशी आपण उठलो त्याचं मनाला लागून राहिलं. जेवण गेलं नाही. त्या माणसाचे अठ्ठ्याण्णव झाले होते ना? अठ्ठ्याण्णव काही कोरतात का? शंभरही शुभ नाही. एकशे एक करून टाकले. तीन आमच्याकडून.

आता शेठना त्या खेळातलं ओ की ठो येत नाही हो! लालचे तीन असतात हे त्यांना कुणी सांगितलं होतं?

मी हिलालचा हात धरून दगडावर ठेवला. त्यानं बोटानं एकेक अक्षर चाचपलं. हि... ला... ल... मग आकड्यावर आला, थांबला, पुन्हा चाचपला, आणि ओठांतल्या ओठांत हिशेब केला.

"लालना तीन," म्हणाला. "बराबर शे."

बस, तेव्हापासून हे चालू आहे. येणारा जाणारा पाणी पितो, दगड वाचतो, आणि समजतो की हा कुणी एकशे एक रुपयांचा दानशूर. कुणाकुणाला सांगू, की बाबांनो, ते रुपये नाहीत, गुण आहेत? एकाला सांगितलं, तर म्हणाला, गुणी माणूस आहेत म्हणूनच देतात. हिलालला विचारलं, तुम्ही का नाही सांगत, तर म्हणतो, नाव लागलंय, आता कशाला. आणि त्यांना माझं घर दाखवतो.

पण त्या दिवशी पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं. शेठ गेले, लोक गेले, आम्ही दोघंच. हिलालनं खिशातून लाल चेंडू काढला आणि रांजणाच्या शेजारी, त्या आमच्या लादीवर, हळूच ठेवला. चेंडू क्षणभर उभा राहिला. मी श्वास धरला, खरंच सांगतो. मग हलला, आणि निघाला, सावकाश, घाई नाही, गडबड नाही, मावळतीकडे, आमची तापी वाहते त्याच बाजूला... आणि ओट्यावरून खाली पडला, टक्.

हिलालनं पट्टी बांधलेलं डोकं तिरपं करून कान दिला. "चांगलं शे भाऊ," म्हणाला. "पण उतार शे."

घ्या, चहा निवतोय. आणि बशी जरा हातात धरा, आमचं हे टेबलही डावीकडे कललंय.